घोडेपाठीवरून वीणा

जीपचा पत्रा म्हणजे जमीन धरायची की नाही, यावर उंबरधोंडीत वर्षभर वाद चालला होता.

त्याचं असं झालं. उंबरधोंडी हे मोताळा तालुक्यातलं, डोंगराच्या पायथ्याला अगदी चिकटून बसलेलं गाव. मार्गशीर्षात इथे हरिनामाचा सप्ताह होतो आणि सात दिवस वीणा उभी असते. उभी म्हणजे कायम कुणाच्या तरी गळ्यात. दोन-दोन तासांनी पहारा बदलतो. घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, देणारा घेणाऱ्याच्या, आणि वीणा एका गळ्यातून निघून दुसऱ्या गळ्यात जाते. दुपारचे पहारे बायकांचे, बाकीचे पुरुषांचे. पण पहारा कुणाचाही असो, वीणा भुईला टेकवायची नाही, हा एकच कायदा आणि तो शाळेत न गेलेल्या पोरालाही ठाऊक. आठव्या दिवशीचं काल्याचं कीर्तन मात्र गावात होत नाही. ते वर, डोंगरमाथ्यावरच्या मारुतीपुढे होतं. त्या दिवशी गावातून वरपर्यंत वीणा नेण्याचा मान शेषरावांच्या घराचा. आधी त्यांचे वडील नारायणराव नेत. त्यांच्यामागे सत्तावीस वर्षं शेषराव नेत आले.

डोंगराच्या मागच्या अंगाने सडक झाली, तेव्हापासून हा मान जीपमध्ये बसून वर जाऊ लागला. गेल्या साली त्या जीपमध्ये शेषरावांचा डोळा लागला. आठवडाभराचं जागरण, कोवळं ऊन, वळणावळणाचा घाट. कुणाचाही लागला असता. जीप खड्ड्यात आदळली, वीणा मांडीवरून घसरली आणि तिचा भोपळा पत्र्याला टेकला. किती वेळ टेकला? शेषराव म्हणत, पापणी लवायला लागतो तेवढा. गोपाल म्हणे, दोन वळणं आणि एक चढ.

गोपाल हा शेषरावांचा बांधाला बांध लागलेला शेजारी. टाळकऱ्यांत पुढे उभा राहणारा, वयाने पंधरा वर्षांनी लहान आणि जिभेने तेवढाच मोठा. वीणेचा मान कधीतरी आपल्याकडे यावा ही इच्छा त्याने कधी लपवून ठेवली नव्हती.

"पत्रा चाकावर, चाक भुईवर," तो पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगे. "म्हणजे वीणा भुईले टेकली."

"मंग तुहे पाय बी भुईवरच असतात की बे," शेषराव म्हणत. "तुह्या गळ्यात असली तरी भुईलेच टेकली म्हण."

"माह्या गळ्यात येऊ तं द्या आधी, दादा. मंग पाहू."

लोक हसत, शेषरावही हसत. पण छत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला चारचौघांत चुकलेलं सोसत नाही. त्यांना ते आत कुठेतरी कुसळासारखं लागून राहिलं होतं; दिसत नाही, पण बसताना टोचतं.

म्हणून यंदा सातव्या दिवशीचा हरिपाठ संपला, लोक उठायला लागले, तेव्हा शेषराव मंडपाच्या मधोमध उभे राहिले आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, "उद्या वीणा जीपनं जाणार नाही. पायी जाईल आन डोंगराच्या धारेनं जाईल. माह्या बापानं नेली तशी. एका हातात वीणा, एका हातात डोंगर. वर पोचेपर्यंत गळ्यातून काढणार नाही. काढली, तं पुढच्या सालापासून मान गोपालचा."

उठणारे परत खाली बसले. गोपालने हातातले टाळ हळूच मांडीवर ठेवले.

"लेखी देता का, दादा?"

"देवापुढं बोललो ना."

"तरी लेखी असलं तं बरं पडते."

आणि तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक आवाज आला. शेषरावांच्या पत्नी कोकिळाबाई शेजारणीच्या कानात बोलत होत्या, पण मंडपातल्या भोंग्याची घरघर नेमकी तेव्हाच बंद पडली होती. "घरचा जिना कठडा धरून चढतात हे," त्या म्हणाल्या. "आन धारेनं जाऊन राह्यले."

---

सकाळी निघाले ते चौघंच. बाकीचं गाव ट्रॅक्टर आणि जीपमध्ये बसून सडकेने जाणार होतं. गोपाल साक्षीदार म्हणून आला. कोकिळाबाई आल्या, कारण, त्यांच्या शब्दांत, "पडले तं उचलायले घरचं माणूस पाहिजे." चौथा हर्षल.

हर्षल शेषरावांचा पुतण्या. पवनचक्क्यांचं काहीतरी शिकायला दोन वर्षं स्कॉटलंडात राहून आलेला. तिकडे दर रविवारी तो डोंगरांच्या धारा चालायचा, हे त्याने घरात सर्वांना फोटो दाखवून सांगितलं होतं. फोटोंत बहुतेक करून पांढरं धुकं होतं आणि त्यात एक केशरी कोट. काकांची घोषणा ऐकून सबंध मंडपात आनंद झाला तो त्या एकट्याला. पाठीवर दोर, डोक्यावर शिरस्त्राण, पायात घोट्याच्या वर येणारे जाडजूड बूट, अशा थाटात तो पहाटेपासून अंगणात उभा होता.

"काका, याले तिकडं स्क्रॅम्बलिंग म्हणतात," तो म्हणाला. "धड चालणं नाही, धड चढणं नाही. हातापायानं, चारी अंगानं जायचं."

"आपल्याकडं त्याले रांगणं म्हणतात," गोपाल म्हणाला.

शेषराव अंघोळ करून, कोरं धोतर नेसून, पांढरा फेटा बांधून अनवाणी निघाले. गळ्यात वीणा, उजव्या हाताचं बोट तारेवर. हर्षलने दुसरं शिरस्त्राण पुढे केलं, तर त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते परत पिशवीत घातलं.

तुरीच्या शेतांतून, मग कापसाच्या, मग सागाच्या गळत्या पानांतून वाट वर निघाली. डोंगराची सोंड चढून तासाभरात ते धारेच्या सुरुवातीला पोचले तेव्हा खाली मोताळ्याकडची सपाटी दुधात बुडाल्यासारखी दिसत होती. धुक्यातून फक्त एका जिनिंग गिरणीचं धुराडं वर आलेलं. समोर धार. डोंगराचा कणाच म्हणा ना. दोन्ही अंगांनी उतार, वर काळा कातळ, सुकलेलं गवत, मध्ये मध्ये धावड्याची वाकडी झाडं. तिच्या पार टोकाला, डोळे बारीक केले तर, मारुतीचा भगवा झेंडा.

शेषराव खूश होते. पाय चालत होते, गुडघा बोलत नव्हता, तार छान लागली होती.

"तिकडं बी असेच डोंगर हायत का रे?" त्यांनी विचारलं.

"असेच, काका. फक्त ओले. बारा महिने ओले. वर गेलं की पुढचा माणूस दिसत नाही."

"मंग पाहायले काय भेटते?"

"धुकं."

"वर देव कोणता?"

"देव नसतो. दगडांचा ढीग असतो. जो वर येते तो एक दगड त्याच्यावर ठेवते आन पाया न पडता उतरते."

शेषराव तार छेडत दहा पावलं पुढे गेले. मग म्हणाले, "म्हणजे देव हाये. त्याले नाव ठेवायचं राह्यलं त्यांच्याच्यानं."

"प्रसाद?" गोपालने मागून विचारलं.

"सँडविच."

"वाटतात?"

"नाही. ज्याचं त्यानं खायचं."

"हे काही पटलं नाही बुवा," गोपाल म्हणाला. आणि त्यानंतर बराच वेळ तो त्या सँडविचचाच विचार करत असावा, कारण गप्प होता.

कोकिळाबाई या सगळ्यांच्या पुढे होत्या. अनवाणीच. त्यांचं माहेर याच डोंगराच्या कुशीतली वरची वाडी. त्यांचे बाबा शेळ्या राखायचे आणि पोरगी सीताफळं गोळा करत या धारेवर हुंदडायची. चाळीस वर्षांत हे शेषरावांनी ऐकलं होतं, पण ऐकून सोडून दिलं होतं, जसं बायकोच्या माहेरचं बरंच काही माणूस ऐकून सोडून देतो. आता त्यांच्या लक्षात आलं की ती दगडावरून दगडावर पाय टाकताना खाली बघत नाही. आणि मधूनच वळून म्हणते, "या, या. डावीकडचा दगड हालते, त्याच्यावर पाय ठेवू नका." आणि तो दगड खरोखर हलतो.

"तुले कसं माहीत?"

"तवाबी हालत होता."

---

धारेच्या मध्यावर घोडेपाठ आहे. तिथे डोंगर एवढा निमुळता होतो की खरंच घोड्यावर बसल्यासारखा दोन्हीकडे पाय टाकून बसता येईल. रुंदी बैलगाडीच्या एका चाकोरीएवढी. डाव्या हाताला घळ, उजव्या हाताला करवंदीच्या जाळ्यांनी भरलेला उतार. पडलं तर मरणार नाही, पण गावभर सांगितलं जाईल असा.

ती पाठ शेषराव चालून गेले. बोट तारेवर, ओठांत रामकृष्णहरी, नजर समोर. मागे हर्षल श्वास धरून. पलीकडे पोचल्यावर त्यांनी गोपालकडे असं पाहिलं, की गोपालनेही कबूल करून मान हलवली.

आणि तिथे कातळाचा टप्पा उभा होता.

दोन पुरुष उंच. सरळ नाही, जरा कलता. खोबण्या होत्या, एक चीर होती, वरच्या काठाशी धावड्याचं मूळ बाहेर आलेलं. कोकिळाबाईंनी लुगड्याचा घोळ खोचला आणि चिरेत हात घालून त्या घरातला माळा चढावा तशा चढून गेल्या. त्यांच्यामागे गोपाल, थोडं धापत, एकदा "आई" म्हणत. शेषराव खाली उभे राहून टप्प्याकडे पाहत होते. इथे आयुष्यात ते पहिल्यांदाच आले होते. वडील गेले त्याच वर्षी सडक झाली होती आणि त्याआधी ते गावातल्या मंडपाची राखण करायला खाली थांबायचे.

"काका, नीट ऐका," हर्षल म्हणाला. "नियम सोपा हाये. दोन हात, दोन पाय. चारपैकी तीन कायम दगडाले चिकटलेले पाहिजेत. चौथा हालवायचा."

"माहा एक हात वीणेले."

"हाव."

"म्हणजे राह्यले बरोबर तीन."

"हाव."

"मंग ठीक हाये की."

"ठीक हाये, काका. पण मंग हालायचं कशानं?"

शेषरावांनी याचा विचार केला. छत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला यात चूक सापडेना.

"दोरीनं वर घेऊ ना वीणा," हर्षल म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

"विहिरीतली बादली हाये का ती?"

"मंग पाठीवर बांधू."

"देवाले पाठ दाखवू? पोतं हाये का?" शेषराव म्हणाले. "माह्या बापानं एका हातानं नेली. सरक बाजूले."

आणि ते चढू लागले.

पहिली खोबण सोपी होती. दुसरीही. तिसऱ्या खोबणीत डावा पाय, चिरेत उजवा हात, डाव्या हाताने छातीशी धरलेली वीणा. असे ते अर्ध्याच्या वर गेले. कपाळ आता वरच्या काठाच्या जवळ आलं होतं. अजून एक पाऊल आणि धावड्याचं मूळ हाताशी आलं असतं. पण मुळाला धरायला हात हवा होता, आणि एक हात चिरेत होता, दुसरा वीणेवर.

त्यांनी वर पाहिलं. त्यांनी खाली पाहिलं. खाली पाहायला नको होतं.

मग डावा पाय शिवणयंत्रासारखा हलायला लागला. आपोआप. शेषरावांनी त्याला मनातल्या मनात दटावलं, वर्गातल्या द्वाड पोराला दटावावं तसं, पण तो ऐकेना.

"काका, पाय टेका पूर्ण," हर्षल खालून म्हणाला. "टाच खाली करा."

"टाच खालीच हाये. सगळंच खाली चाललं हाये."

"मी घेतो वीणा, द्या माह्याकडं."

"पायात काय हाये तुह्या?"

हर्षलने आपल्या बुटांकडे पाहिलं. महागाचे, तिकडून घेतलेले, अस्सल चामड्याचे. चामडं घालून वीणेला हात लावायचा नाही, हे त्यालाही लहानपणापासून माहीत होतं. तो मटकन खाली बसला आणि नाड्या सोडायला लागला. स्कॉटलंडच्या चिखलात सुटू नयेत म्हणून त्या बुटांना घोट्यापर्यंत आकड्यांत अडकवलेल्या गाठी होत्या, दुहेरी.

"किती वेळ लागन?" शेषरावांनी विचारलं.

"पाच मिनिटं."

"पाय तं दोन म्हणून राह्यला."

वरून गोपालचं तोंड काठावर आलं. तो पोटावर पालथा झाला होता, हात खाली सोडलेला. आता तो थट्टा करत नव्हता.

"दादा, माह्याकडं द्या. हात पुरते माहा."

शेषरावांनी त्या हाताकडे पाहिलं. गोपालचा हात त्यांच्या फेट्यापासून वीतभर लांब होता. वीणा त्या हातात गेली की संपलं. सत्तावीस वर्षं, त्याआधी वडिलांची, सगळं या एका विताच्या अंतरात होतं, आणि पाय थरथरत होता, आणि चिरेतली बोटं घामाने सुटत चालली होती. आपण पडलो तर वीणेवर पडू, हे त्यांना एकदम लख्ख दिसलं. भोपळ्याचे तुकडे दिसले. ते दिसल्यावर मात्र बाकीचं सगळं जरा लहान झालं.

"सरका, गोपालभाऊ," कोकिळाबाईंचा आवाज आला.

त्या काठावर उकिडव्या बसल्या. एका हाताने त्यांनी धावड्याचं मूळ धरलं, दुसऱ्याने वीणेचा पट्टा शेषरावांच्या फेट्यावरून अलगद सोडवला, जशी तान्ही पोर झोपेत उचलावी, आणि स्वतःच्या गळ्यात घातला. वीणा दगडाला लागली नाही, झुडपाला लागली नाही. एकदा तार आपसूक झंकारली, तेवढंच.

शेषरावांचे दोन्ही हात मोकळे झाले. त्यांनी मुळाला मिठी मारली आणि कपाळ काठावर टेकवून श्वास घेतला. काठावर, बरोबर त्यांच्या कपाळासमोर, कोकिळाबाईंची पावलं होती.

"चला," गोपाल म्हणाला. "पाया पडणं बी झालं."

---

वर आल्यावर शेषराव पाच मिनिटं नुसते बसले. हर्षल एक बूट पायात आणि एक हातात घेऊन चढून आला.

"बाबांनी कशी नेली असन इथून," अखेर ते म्हणाले. "एका हातानं."

"कोण म्हणते एका हातानं?" कोकिळाबाई म्हणाल्या.

"बाबा सांगायचे."

"मामंजी सांगायचे, धारेनं वीणा नेली. एवढंच. इथं माहे बाबा उभे असायचे दर साली शेळ्या घेऊन. मामंजी खालून वीणा द्यायचे, बाबा वरून घ्यायचे, मंग मामंजी चढून यायचे आन परत गळ्यात घ्यायचे. मी पाह्यलं ना. मी त्या तिथं बसून सीताफळ खात होती." त्यांनी बोटाने एक दगड दाखवला. "एका हातानं हे तुम्ही घातलं. लग्न झालं तवा नव्हतं ते. दहा-बारा वर्षांनी आलं."

शेषरावांनी आठवून पाहिलं. खरंच, कोणत्या वर्षी त्यात तो एक हात आला असेल? पहिल्यांदा बहुतेक पोरांना सांगताना, चौथीच्या वर्गात, गोष्ट रंगावी म्हणून. मग पारावर. मग त्यांचं त्यांनाच खरं वाटायला लागलं.

"मले काऊन नाही सांगतलं आजवर?"

"तुम्ही किती छान सांगत होते. काऊन मोडू?"

गोपाल तिकडे तोंड करून खोकला. त्याला खोकला नव्हता.

शेषराव उठले, धोतर झटकलं, आणि वीणेसाठी हात पुढे केले. कोकिळाबाई तशाच उभ्या राहिल्या. फक्त भुवई किंचित वर गेली. आणि शेषरावांच्या लक्षात आलं की घ्यायची तर आधी पाया पडावं लागेल. मघाशी पडले ते पडले. तेव्हा कातळाने पाडलं होतं. आता स्वतःहून, सरळ उभ्या माणसाने, पुतण्यासमोर, गोपालसमोर.

"इथं जागा अरुंद हाये," ते म्हणाले. "वाकायले जमायचं नाही. पुढं रुंद जागा आली की घेतो."

"घेजा," कोकिळाबाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

पुढे जागा रुंद झाली. तिथे ऊन फार होतं. त्याच्यापुढे सावलीची जागा आली, तर तिथे कुसळं होती. त्याच्यापुढची जागा रुंद होती, सावलीची होती, बिनकुसळाची होती, आणि तिथे शेषराव काही न बोलता तसेच पुढे गेले. कोकिळाबाई पुढे चालत होत्या, तारेवर बोट, रामकृष्णहरी, रामकृष्णहरी, कुठे चढ आला तरी लय मोडत नव्हती. शेषरावांना दोन हात हलवत चालायला मिळालं होतं. बऱ्याच दिवसांनी त्यांनी डोंगर पाहिला. ससाणा पाहिला. गोपालशी सोयाबीनच्या भावावर बोलले. वीणा गळ्यात असली की माणसाला भावावर बोलता येत नाही.

देवळाच्या अलीकडच्या शेवटच्या चढावर गोपालने त्यांची बाही ओढली.

"दादा," तो हळू म्हणाला, "इथून लोकांले दिसत नाही. घ्या गळ्यात. मी काही बोलत नाही. हर्षलबी नाही बोलणार."

"आन पैज?"

"कशाची पैज? वीणा भुईले टेकली का? नाही टेकली. झालं." गोपालने टोपी काढून डोकं खाजवलं. "आन खरं सांगू का, मले तो टप्पा पाहून मान नकोच वाटून राह्यला. तुमच्याकडंच असू द्या."

शेषराव थांबले. गोपाल मनापासून बोलत होता, हे त्यांना दिसत होतं. आता फक्त वाकायचं, वीणा घ्यायची, वळण ओलांडायचं. समोर गाव बसलेलं असेल, ट्रॅक्टर उभे असतील, लोक उठून उभे राहतील. कुणी विचारणार नाही. पुढच्या साली पारावर हीच गोष्ट आपण कशी सांगू, ते त्यांना आत्ताच ऐकू यायला लागलं: पाय थरथरत होता, पण वीणा गळ्यातच, मग चार वर्षांनी पाय थरथरलाच नसता, आणि दहा वर्षांनी डोळे मिटून चढले असते. आणि ती तिथे बसून ऐकत राहिली असती, काही न मोडता.

"राहू दे," ते म्हणाले. "चाल."

---

वळणावर कोकिळाबाई वीणा घेऊन आल्या आणि गाव उभं राहिलं. वीणा ज्याच्या गळ्यात त्याच्या पाया पडायचं, मग तो कुणी का असेना. सरपंच वाकले. तानुबाई, कोकिळाबाईंशी पाण्याच्या नळावरून दोन वर्षं बोलत नव्हत्या, त्याही वाकल्या. कीर्तनकार तुळशीराम महाराज, तरुण माणूस, देऊळगाव राजाकडून आलेले, त्यांनी गंध लावलेलं कपाळ कोकिळाबाईंच्या पावलांवर ठेवलं.

"माउली, वीणा धारेनं तुम्ही आणली?" महाराजांनी विचारलं.

कोकिळाबाईंनी शेषरावांकडे पाहिलं.

शेषराव पुढे आले. शाळेचा आवाज काढायला गेले, पण तो काही निघाला नाही. साध्याच आवाजात बोलले. "अर्ध्यापर्यंत मी आणली. कातळाच्या टप्प्यावर अडकलो. पाय थरथरला. हिनं गळ्यातून काढून घेतली, तिथून वर हिनं आणली. माह्या वडलांच्या हातूनबी तिथं हिचे बाबाच घेत होते. एका हातानं कोणीच नेली नाही. ते मी घातलं होतं." थोडं थांबून म्हणाले, "बोलल्याप्रमाणं पुढच्या सालापासून मान गोपालचा."

सगळ्यांनी गोपालकडे पाहिलं. मग गोपालच हात जोडून उभा राहिला, भलताच गंभीर.

"घेतो," तो म्हणाला. "पण माही एक अट हाये. त्या टप्प्यावर वर वहिनी पाहिजेत. त्या नसतील तं मी जीपनं येईन. मंग पत्रा म्हणजे जमीन नाही, हे आत्ताच ठरवून टाका."

गाव हसलं. महाराजही हसले. शेषराव मात्र हसत नव्हते. ते कोकिळाबाईंसमोर गेले आणि सगळ्यांदेखत, रुंद जागेत, नीट वाकून पाया पडले. गुडघ्याने कट्ट असा आवाज केला. कोकिळाबाईंनी वीणा काढण्यासाठी पट्ट्याला हात घातला.

"नाही, घ्यायसाठी नाही पडलो," शेषराव उठत म्हणाले. "असू दे तुह्याकडं. कीर्तनाले तूच उभी राह्य."

"दोन घंटे?"

"मी सत्तावीस वर्षं राह्यलो."

"चहाबी न घेता आली मी."

"मीबी."

त्या पट्टा सारखा करत महाराजांच्या मागे टाळकऱ्यांत जाऊन उभ्या राहिल्या.

कीर्तन सुरू झालं. शेषरावांना बसायला पुढेच जागा मिळाली, सतरंजीवर. मृदंगावर थाप पडली, टाळ उचलले गेले, आणि महाराज बोलू लागले, तेव्हा शेषरावांना काहीतरी वेगळंच वाटायला लागलं. काय ते कळायला त्यांना थोडा वेळ लागला. काल्याच्या इतक्या कीर्तनांत वीणेकरी म्हणून ते कीर्तनकाराच्या मागे उभे राहिले होते. त्यांना सत्तावीस महाराजांच्या पाठी पाठ होत्या: कुणाचा सदरा कधी घामाने भिजतो, कुणाचं उपरणं कधी घसरतं. एकाचाही चेहरा कीर्तन करताना पाहिलेला नव्हता. आणि इथे समोर हा पोरगेला माणूस बालकृष्णाच्या शिदोरीचं सांगत होता, पेंद्याचं शिळं ताक देवाने कसं मागून घेतलं ते, आणि त्याच्या चेहऱ्यावर आधी पेंद्या येत होता, मग देव, मग पुन्हा पेंद्या, आणि पेंद्या, देव, महाराज तिघंही हसत होते. शब्द सगळे ओळखीचे. हे मात्र मागून कधी दिसलंच नव्हतं.

शेषराव मान पुढे काढून, ताठ बसून पाहायला लागले.

मागून कुणीतरी खांद्यावर बोट टोचलं. तानुबाई होत्या.

"गुरुजी," त्या कुजबुजल्या, "फेटा काढा ना बाप्पा. महाराज दिसून नाही राह्यले."

असं कुणी आजवर त्यांना म्हणालं नव्हतं. म्हणायची वेळच आली नव्हती. शेषरावांनी फेटा उतरवला, मांडीवर ठेवला, आणि उघड्या टकलावर डिसेंबरचं ऊन घेत पुढे ऐकू लागले.